मधल्या माणसाचे पारितोषिक

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलात, की चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी चितेगाव येते. एके काळी हा दगड देशभरातल्या गुंतवणूकदारांच्या घरी टपालाने पोहोचत असे. व्हिडिओकॉनच्या वार्षिक अहवालांवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ताच तसा छापलेला असायचा: ‘१४ कि.मी. स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव, तालुका पैठण’.

दूरदर्शनने १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण सुरू केले आणि रंगीत टीव्ही हे मध्यमवर्गीय घराचे स्वप्न झाले. नंदलाल माधवलाल धूत यांच्या कुटुंबाने ही संधी हेरली. जपानच्या तोशिबा कंपनीशी तांत्रिक करार झाला आणि मराठवाड्यात टीव्ही बनू लागले. शेती आणि सरकारी नोकरी यांपलीकडे फारसे काही न पाहिलेल्या मुलांना असेंब्ली लाइनवर काम मिळाले. या गोष्टीचे मोल कमी लेखू नये.

तरीही अशा करारातून नेमके काय येते, ते पाहायला हवे. आराखडे येतात, सुट्या भागांची यादी येते, जिग आणि चाचणीची यंत्रे येतात. परदेशी अभियंते येऊन लाइन लावून देतात, आपली माणसे तिकडे जाऊन शिकून येतात. कोणता भाग कुठे बसवायचा, हे सगळे कळते. तो भाग तसाच का आहे, त्याऐवजी दुसरे काय चालले असते, कोणकोणते पर्याय करून पाहिले आणि सोडून दिले, हे मात्र विकणाऱ्याच्या प्रयोगशाळेत राहते. विकत घेतलेले ज्ञान आजचा माल उत्तम काढून देते. उद्याचा माल कसा असेल, हे ते सांगत नाही.

पुढे काचेच्या पिक्चर ट्यूबचे दिवस भरले आणि सपाट पडदे आले. व्हिडिओकॉनने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला, तेव्हा ट्यूबची उतरण जगभर सुरू झालेली होती. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली ती २०१८ साली. तिच्या पडझडीचे खापर एकट्या तंत्रज्ञानावर फोडता येणार नाही. डोईजड कर्ज होते, तेल आणि दूरसंचार या धंद्यांतली उडी होती, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले टू-जी परवानेही होते. पण एक प्रश्न उरतोच. चितेगावहून अर्ध्या तासाच्या अंतरावर १९५८ पासून विद्यापीठ आहे. त्याच्याच आवारात ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन शिकवणारी संस्थाही उभी राहिली. कारखाना आणि विद्यापीठ यांनी एकाच टेबलाशी बसून एकच काम करायचे ठरवले, तर ते काम कसे होते? कुठे अडते? आणि पार पडले तर पाठ कुणाची थोपटायची?

भांडे मोठे झाले की

प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट कारखान्यात का बिघडते, याचे उत्तर भूमितीत आहे. एक लिटरच्या काचेच्या चंबूत एक रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून उष्णता बाहेर पडते. चंबू बर्फात ठेवला की काम भागते. आता तीच क्रिया हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये करायची आहे. भांड्याची उंची आणि व्यास दहा पटींनी वाढले, की बाहेरचा पृष्ठभाग शंभर पटींनी वाढतो, पण आतला ऐवज हजार पटींनी. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर जाण्याची वाट एक दशांश उरली. चंबूत निमूटपणे चाललेली क्रिया रिॲक्टरमध्ये तापत जाते. ती तापली की वेग वाढतो आणि वेग वाढला की आणखी तापते. रासायनिक कारखान्यांतल्या अनेक स्फोटांचे मूळ या साध्या गणितात आहे.

यावर उपाय आहेत. रिॲक्टरच्या जॅकेटमध्ये थंड ब्राइन खेळवायचे, दुसरा घटक एकदम न ओतता सहा-आठ तास थेंबाथेंबाने सोडायचा. पण तसे केले की तयार झालेला माल आत ताटकळत राहतो, आणि ताटकळलेल्या मालाचे भलतेच काहीतरी होते. शुद्धता घसरते. ढवळणीचा पंखा जोरात फिरवावा, तर स्फटिक बारीक पडतात. बारीक स्फटिकांनी सेंट्रिफ्यूजचे कापड चोंदते आणि दोन तासांच्या गाळणीला सबंध पाळी लागते. यातली एकही अडचण प्राध्यापकांच्या शोधनिबंधात नसते, कारण चंबूत ती उद्भवलेलीच नसते.

चार माणसांचा भात रोज रांधणाऱ्या बाईला पाचशे पानांची पंगत सांगितली, तर ती तांदूळ आणि पाणी सव्वाशे पट घेऊन चुलीपाशी बसत नाही, आचारी बोलावते. उद्योगात या आचाऱ्याच्या जागी असतो प्रक्रिया-अभियंता, पायलट प्लांट चालवणारा माणूस. त्याला चंबूची रसायनेही कळतात आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरची भाषाही. विद्यापीठाच्या आस्थापनेत त्याला पद नसते आणि कंपनीच्या ताळेबंदात तो खर्चाच्या बाजूला असतो. संशोधन कागदावरून कारखान्यात उतरते, ते बहुतेक वेळा त्याच्या हातून.

सदाफुलीची गोष्ट

हा मधला प्रवास कसा होतो, हे पाहायला मराठवाड्यातल्या कोणत्याही अंगणात उगवणारे झाड पुरे आहे. सदाफुली उन्हाला दाद देत नाही, गुरे तिला तोंड लावत नाहीत, बी आपोआप पडून पुढच्या वर्षी पुन्हा येते.

कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातील संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे १९५२ साली या झाडाची पंचवीस पाने एका पाकिटातून पोहोचली. ती आली होती जमैकाहून, डॉक्टर असलेल्या त्यांच्या भावाच्या हातून. तिथले लोक मधुमेहावर या पानांचा काढा घेत. नोबल यांच्या प्रयोगात रक्तातल्या साखरेवर काही परिणाम दिसला नाही, पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. पांढऱ्या पेशी अनिर्बंध वाढणे हेच रक्ताच्या कर्करोगाचे लक्षण, त्यामुळे या घटीकडे काणाडोळा करणे शक्य नव्हते. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्या पानांतून व्हिनब्लास्टिन वेगळे काढले आणि १९५८ साली ते जाहीर केले. अमेरिकेत एली लिली या औषध कंपनीतले संशोधकही त्याच झाडावर काम करत होते. विद्यापीठाकडे शोध होता, कंपनीकडे टनावारी पाने हाताळण्याची ताकद. दोघे एकत्र आले आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला व्हिनब्लास्टिन आणि त्याचे भावंड व्हिनक्रिस्टिन ही औषधे रुग्णांपर्यंत पोहोचली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिनक्रिस्टिन आजही वापरतात.

टनावारी पाने लागतात, कारण ही द्रव्ये पानांत जवळजवळ नसल्यासारखीच असतात. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने हवीत. त्यांत या द्रव्यांसारखीच दिसणारी, त्यांच्यासारखीच वागणारी शंभरच्या आसपास इतर अल्कलॉइड असतात. त्या गर्दीतून हवे ते एकच वेचून काढायचे. शिवाय व्हिनक्रिस्टिन पानांत व्हिनब्लास्टिनपेक्षाही कमी असते. म्हणून व्हिनब्लास्टिनवरच्या एका मिथिल गटाचे फॉर्मिल गटात रूपांतर करून ते मिळवता येते, पण त्यासाठी तापमान शून्याच्या खूप खाली न्यावे लागते आणि जरा हात चुकला तर महामोलाचा माल वाया. चंबूत हे जमवणे हे कसब आहेच. बॅचमागून बॅच जमवणे हे वेगळेच कसब.

हे काम भारतात झाले ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे ‘एनसीएल’मध्ये. पाषाण रस्त्यावरच्या या संस्थेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. तिथल्या ए. व्ही. रामा राव यांच्या गटाने या दोन्ही औषधांवर काम केले आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने एनसीएलच्या साथीने ती बनवली. या भागीदारीमागे कायद्याचा मोठा हात होता. १९७० चा पेटंट कायदा १९७२ साली अमलात आला. त्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हते, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला होते. तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवता आला, तर तो बनवण्याची मुभा होती. एका रात्रीत ‘वेगळी वाट’ या गोष्टीला बाजारभाव आला, आणि वाटा शोधणारी माणसे प्रयोगशाळांत बसली होती. २००५ साली रेणूलाच पेटंट देणारी दुरुस्ती होईपर्यंतच्या तेहतीस वर्षांत देशाचा औषध उद्योग उभा राहिला. छत्रपती संभाजीनगरभोवतीच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या औषध कारखान्यांच्या पायातही हीच वर्षे आहेत.

सिप्लाने स्वतःच्या वाटचालीत १९८४ या सालापुढे दोन नोंदी केल्या आहेत. एक, एनसीएलच्या सहकार्याने व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन विकसित केले. दुसरी, अनेक मूळ औषधे देशातच बनवण्याचे तंत्र कंपनीने स्वतः विकसित केल्याबद्दल सर पी. सी. रे पुरस्कार मिळाला. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या. पण त्या शेजारी-शेजारी वाचल्या की ध्यानात येते, की पुरस्काराचे नाव घरच्या संशोधनाशी जोडलेले आहे, आणि दोघांनी मिळून केलेल्या कामाची नुसतीच नोंद आहे. दोन संस्थांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय द्यायचे कुणाला, हे कोडे तेव्हाही होते आणि आजही आहे.

रामा राव पुढे हैदराबादला गेले. तिथल्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेबरोबर सिप्लाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एड्सवरचे झिडोव्हुडिन बनवले. २००१ साली याच कंपनीने एड्सवरची तीन औषधांची मात्रा वर्षाला ३५० डॉलर इतक्या दराने देऊ केली. तोवर श्रीमंत देशांत हा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. संस्था बदलली, औषध बदलले, कंपनी आणि माणसे मात्र तीच राहिली. अशा भागीदारीत करारांपेक्षा ओळखी टिकाऊ ठरतात, त्या अशा.

माटुंग्याची शाळा

एनसीएल ही सरकारी प्रयोगशाळा. विद्यापीठाच्या विभागाने उद्योगाशी कसे नांदावे, याचे उदाहरण माटुंग्यात आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे ‘यूडीसीटी’, १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला, तो गिरणगावाच्या गरजेतून. कापडाला रंग लागत आणि रंग परदेशातून येत. के. वेंकटरामन १९३८ पासून या विभागाचे प्रमुख होते. ते रंगद्रव्यांचे जगन्मान्य अभ्यासक. १९५७ साली ते एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. रामा राव हे त्यांचेच विद्यार्थी.

याच ‘यूडीसीटी’त १९६४ साली केंब्रिजहून परतलेले मनमोहन शर्मा वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. वायू द्रवात शिरताना आणि शिरता शिरता क्रिया करताना काय घडते, हा त्यांचा विषय. ऐकायला कोरडा, पण खतापासून औषधापर्यंत असा कारखाना शोधून सापडणार नाही, जिथे हा प्रश्न येत नाही. शर्मा कारखान्यांना सल्ला देत, तिथल्या अडचणी वर्गात आणत, आणि त्याच अडचणींवर विद्यार्थी पीएच.डी. करत. गोव्यातल्या माशेलच्या एका गरीब घरातून आलेले रघुनाथ माशेलकर हे त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट झाले आणि पुढे एनसीएलचे संचालक. शर्मा आणि एनसीएलचे एल. के. दोराईस्वामी यांनी मिळून लिहिलेला रिॲक्टर-रचनेवरचा द्विखंडी ग्रंथ १९८४ साली निघाला. १९९० साली शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.  कारखान्याच्या कामात गुंतलेला प्राध्यापक विद्वत्तेला मुकतो, हा समज त्यांच्यापुरता तरी निकालात निघाला.

यूडीसीटीची पुढे जी संस्था झाली, तिचे एक आवार २०१८ साली जालन्यात सुरू झाले. माटुंग्याची ही रीत आता चितेगावपासून दीड-दोन तासांवर आहे.

पारितोषिके काय मोजतात

आपल्याकडे पारितोषिकांची वाण नाही. संसदेच्या १९९५ च्या कायद्याने तंत्रज्ञान विकास मंडळ स्थापन झाले. देशी तंत्रज्ञान बाजारात उतरवणाऱ्यांना हे मंडळ दरवर्षी ११ मेच्या, म्हणजे पोखरण चाचणीच्या स्मृतिदिनाच्या सुमारास गौरवते. त्याच्या नियमातली एक बाब दाद देण्याजोगी आहे. तंत्रज्ञान तयार करणारी संस्था आणि ते बाजारात आणणारी कंपनी वेगळ्या असतील, तर मान दोघांचा. मुंबईचा व्हास्विक पुरस्कार औद्योगिक संशोधनाला दिला जातो. २०१५ च्या उच्चतर आविष्कार योजनेने आयआयटींसाठी अट घातली, की प्रकल्पाच्या खर्चाचा चौथा हिस्सा उद्योगाने उचलावा. पदरचे पैसे घातलेला माणूस बैठकीला हजर राहतो, हे त्या अटीमागचे शहाणपण.

पण सर्वसाधारण महाविद्यालयात ‘उद्योगाशी सहकार्य’ याचा अर्थ सामंजस्य करार असा होऊन बसला आहे. नॅकच्या मूल्यांकनात अशा करारांची संख्या विचारतात. मग संख्या वाढते. पुष्पगुच्छ, फाइल, चौघांचा फोटो, दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात बातमी. करार झाल्यावर कारखान्यातली कोणती अडचण सुटली, हे विचारणारा रकाना असला तरी तो भरणे सोपे असते, तपासणे अवघड.

ब्रिटनने या बाबतीत वेगळा विचार केला. १९७५ साली तिथे ‘टीचिंग कंपनी स्कीम’ सुरू झाली. डॉक्टर जसे रुग्णालयात शिकतात, तसे अभियंत्यांनी कारखान्यात शिकावे, ही तिची कल्पना. २००३ पासून तिला ‘नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप’ म्हणतात. तिचे तीन पाय आहेत: कंपनी, विद्यापीठ आणि एक तरुण पदवीधर. हा पदवीधर विद्यापीठाच्या मार्गदर्शनाखाली असतो, पण बसतो कंपनीत, आणि ठरलेल्या मुदतीत एकच ठरलेला प्रश्न सोडवतो. या भागीदाऱ्यांना पारितोषिके दिली जातात, तेव्हा प्राध्यापक आणि मालक यांच्या जोडीने या पदवीधरालाही नाव असते. मधल्या माणसाला अधिकृत खुर्ची देणारी अशी योजना विरळच.

आपल्याकडे मधला माणूस होण्यासाठी बरेचदा प्राध्यापकालाच कंपनी काढावी लागते. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार यांनी टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांबरोबर कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती विकसित केली आणि ती रुग्णांपर्यंत नेण्यासाठी ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ ही कंपनी उभारली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचारपद्धतीला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. परदेशातल्या खर्चाच्या सुमारे दशांशात हा उपचार इथे होतो. कौतुक करावे तेवढे थोडे. पण प्रत्येक प्राध्यापकाने उद्योजक व्हावे, ही अपेक्षा रास्त नाही. बहुतेकांना त्यासाठी कुणी तरी सोबती लागतो.

अर्जातले प्रश्न

समजा, उद्या मराठवाड्यापुरते असे एक पारितोषिक ठेवायचे झाले. विद्यापीठ आहे, उद्योजकांची संघटना सीएमआयए आहे, तिच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘मॅजिक’ हे नवउद्योग केंद्र आहे. पैठण रस्त्यावर आणि वाळूजमध्ये सुटे भाग, रसायने, औषधे बनवणारे लहान-मोठे कारखाने आहेत. त्यांतल्या बऱ्याच लहान कारखान्यांना स्वतःचा संशोधन विभाग परवडत नाही. अशा पारितोषिकाच्या अर्जात काय विचारावे?

पहिला प्रश्न: अडचण कुणी आणली? प्राध्यापकाने शोध लावून गिऱ्हाईक शोधले, की कारखान्याने आपले दुखणे प्राध्यापकापुढे मांडले? दोन्ही वाटा चालतात, पण दुसरी सहसा लवकर पोहोचते.

दुसरा: कारखान्यात महिनोन्‌महिने कोण बसले? नाव, पद आणि आज ती व्यक्ती कुठे आहे. हा रकाना रिकामा असेल, तर सहकार्य फोटोपुरतेच झाले.

तिसरा: प्रसिद्धी आणि गुप्तता यांचा मेळ कसा घातला? प्राध्यापकाला निबंध छापायचा असतो, विद्यार्थ्याला प्रबंध सादर करायचा असतो, कंपनीला शेजाऱ्याला सुगावा लागू द्यायचा नसतो. काम सुरू होण्याआधीच ‘पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत इतके महिने थांबायचे, नंतर छापायचे’ असे ठरवले, तर भांडण टळते. ठरवले नाही, तर ते हटकून होते, आणि तेही यश दाराशी आल्यावर.

चौथा: काय फसले? पायलट प्लांटवर एकही बॅच वाया गेली नाही, असे लिहिणाऱ्या अर्जदाराचा पायलट प्लांट नीट तपासून घ्यावा.

पाचवा आणि शेवटचा प्रश्न सर्वांत खडूस आहे, आणि निकाल त्यावरच लागावा. प्रकल्प संपला, प्राध्यापक आपल्या विभागात परतले, पदवीधर दुसऱ्या नोकरीला लागला. त्यानंतर कच्चा माल बदलला, किंवा गिऱ्हाइकाने जास्त शुद्धता मागितली, तेव्हा कारखान्यातल्या माणसांनी पद्धतीत स्वतःहून काय बदल केला? या प्रश्नाला लिहिण्याजोगे उत्तर असेल, तर ज्ञान खरोखर पोहोचले. नसेल, तर विद्यापीठाकडून घेतले काय आणि तोशिबाकडून घेतले काय, कारखान्याच्या दृष्टीने ते उसनेच राहिले. असे पारितोषिक प्रकल्प संपल्यानंतर तीन वर्षांनी द्यावे. तोवर फोटो विसरलेले असतात आणि बॅचच्या नोंदवह्या बोलायला लागलेल्या असतात.